रांग बघायला किल्ली कशाला?

मंडळी, या शनिवारी जरा ऑफिसच्या कामाचं लिहितोय. सर्व्हर, रूट, क्यू असल्या शब्दांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी लगेच पळून जाऊ नये. यात भोर-वेल्ह्याची धरणं आहेत, राजगड आहे आणि दुधाचं बिलही आहे. आणि ज्यांना हे शब्द रोज छळतात त्यांच्यासाठी मधला भाग मुद्दाम बारकाईने लिहिलाय. सोमवारी कामाला येईल.

प्रश्न अगदी साधा. एका सर्व्हरवर मेसेजची रांग लागते. ती तुंबत नाही ना, हे बघणारं एक सॉफ्टवेअर चालवायचंय. त्याला रूटचा अधिकार द्यायचा का? रूट म्हणजे लिनक्सच्या मशीनवरचा सर्वाधिकारी, युजर नंबर शून्य. कुठलीही फाइल वाचायची, कुठलाही प्रोग्रॅम मारायचा, कुठलंही कुलूप उघडायचं, त्याला विचारणारं कुणी नाही. आमच्या धंद्यात या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असतं, "देऊन टाक रे, कुठे कटकट." कित्येकदा तर प्रॉडक्टच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की रूट म्हणून चालवा.

माझं म्हणणं, नाही द्यायचा. सिक्युरिटीचं कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे हातात किल्ली आली की बघणाऱ्याचं बघणंच बिघडतं. आता हे सावकाश सांगतो.

मी ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचा क्लायंट दूध गोळा करतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत त्याची संकलन केंद्रं आहेत. (सरकारदरबारी वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन डेअरीवर येतात. दूध मोजलं जातं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ लागतं, त्यावरून दर ठरतो आणि पावती निघते. एक पावती शेतकऱ्याच्या हातात पडते आणि तिचीच एक प्रत मेसेज होऊन सर्व्हरकडे निघते.

सर्व्हरवर हा मेसेज आधी रांगेत उभा राहतो. दुसरा एक प्रोग्रॅम, त्याला आम्ही कन्झ्युमर म्हणतो, रांगेतून एकेक मेसेज उचलतो, खात्यावर नोंद करतो आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो. दर दहा दिवसांनी या नोंदींची बेरीज होऊन बिल निघतं. म्हणजे रांगेतला एक मेसेज म्हणजे कुणाच्या तरी गाईचं एका वेळचं दूध.

मध्ये रांग कशाला? थेट खात्यावरच का नाही लिहायचं? पावसाळ्यात भाटघरच्या फुगवट्याच्या काठच्या एखाद्या गावात एक दिवस राहून बघा, उत्तर मिळेल. वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि परत कधी येईल ते तिलाच ठाऊक. केंद्रावरचं मशीन नोंदी स्वतःकडे साठवून ठेवतं आणि रेंज आली की सगळ्या एकदम पाठवतं. पाठवणारा आणि घेणारा एकाच वेळी जागे असायला पाहिजेत ही अट रांगेमुळे सुटते. बँकांना हीच गरज होती. रांगेशी बोलायची एएमक्यूपी ही भाषा २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेसमध्ये जन्माला आली, आणि ती बोलणारं रॅबिटएमक्यू २००७ मध्ये बाहेर पडलं. आम्ही तेच वापरतो.

आता झालेला प्रकार. आमच्या आधी हे काम दुसऱ्या एका कंपनीकडे होतं. त्यांनी रांगेवर लक्ष ठेवायला एक स्क्रिप्ट लिहिली होती. क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालायची, रूट म्हणून. रांगेत ठरावीक आकड्यापेक्षा जास्त मेसेज दिसले की ती कन्झ्युमर रीस्टार्ट करायची. पुढच्या पाच मिनिटांतही आकडा उतरला नाही तर रांग साफ करायची. साफ म्हणजे साफ, पर्ज. टेस्टिंगच्या काळात सोय म्हणून घातलेली ती ओळ प्रॉडक्शनला तशीच आली होती.

बरेच महिने काही झालं नाही. मग जुलै आला. दोन दिवस धो धो पाऊस, डोंगराकडच्या गावांत वीज नाही, रेंज नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रेंज आली आणि दोन दिवसांच्या नोंदी एकदम येऊन थडकल्या. रांग फुगली. कन्झ्युमर व्यवस्थित चालू होते, एकेक मेसेज उचलत होते, तासाभरात रांग रिकामी झाली असती. पण स्क्रिप्टला फक्त आकडा दिसत होता, आणि हातात किल्ली होती. तिने आपलं कर्तव्य केलं. तेही दर पाच मिनिटांनी.

माझे मामा वेल्ह्याच्या बाजूला राहतात. दोन गाई आहेत. ते याच डेअरीला दूध घालतात. मामा प्रत्येक पावती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात, त्यामुळे त्यांच्या नोंदी परत भरता आल्या. ज्या केंद्रांवर नवीन मशीन होतं तिथे मशीनच्या मेमरीतून निघाल्या. जिथे जुनं मशीन, तिथे "मेसेज पोचला" असं उत्तर आल्यावर मशीनने आपली प्रत पुसून टाकली होती. तिथे राहिल्या फक्त कागदाच्या पावत्या. आणि जुलैत दूध घालायला भिजत जाणारा माणूस पावती किती सांभाळणार? केंद्राचा माणूस वहीत बघून, लोकांना विचारून, आठवून नोंदी भरत बसला. बिल आठवडाभर उशिरा आलं. मामा म्हणाले, "आमचं निभावलं रे. शेजारच्या म्हातारीचं पेंडेचं पोतं उधारीवर आलं आणि वर चार जणांनी तिलाच विचारलं, तुम्ही खरंच दूध घातलं होतं ना?"

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पैसे मिळाले, पण मध्ये आठवडाभर ती बाई खोटी ठरत होती. सर्व्हरवर एक प्रोग्रॅम जरा जास्त अधिकाराने चालतो याचा गावातला अर्थ हा असा असतो.

या प्रकारानंतर काम आमच्याकडे आलं. आमच्या मॅनेजरने नेहमीच्या फॉर्मवर नेहमीची मागणी लिहिली, मॉनिटरिंगसाठी रूट ॲक्सेस. क्लायंटकडचे सिस्टिम ॲडमिन पन्नाशीतले गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"काय करायचंय तुला?"

"रांग बघायची आहे, काका."

"मग बघण्यापुरतं माग. बाकीचं खोड."

मी खोडलं. मनातून बरंच वाटलं, कारण डबा मी बघून आलो होतो.

पुणेकरांना खरं तर हे समजवायला नको. जुलै महिन्यात आपण सगळे सकाळी पेपर उघडून पहिलं काय बघतो? धरणसाठा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चार धरणं भरली की एकूण २९.१५ टीएमसी, हा आकडा शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. त्यातली पानशेत (१०.६५) आणि वरसगाव (१२.८२) ही दोन मोठी धरणं वेल्हे तालुक्यात. पलीकडे भोरला नीरेच्या खोऱ्यात भाटघर, २३.५ टीएमसी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हापासून या शहराला पाण्याचा आकडा हा नुसता आकडा वाटत नाही. तर हा आकडा लाखो लोक रोज बघतात, त्यावर वाद घालतात, पाणीकपात होणार की नाही याच्या पैजा लावतात. पण म्हणून कुणी धरणाच्या दरवाजाची किल्ली मागत नाही. पातळी मोजणारा वेगळा, ती छापणारा वेगळा, दरवाजा उघडायचा हुकूम देणारा वेगळा. आणि आकडा जितक्या जास्त लोकांना दिसतो तितकं सगळ्यांच्याच भल्याचं, कारण दिसण्याने पाणी हलत नाही.

हेच सर्व्हरवर कसं करायचं? आता तो बारीक भाग. घाईत असाल तर राजगडापाशी भेटा :-)

पहिली अडचण हत्याराची. रॅबिटएमक्यूसोबत रॅबिटएमक्यूसीटीएल नावाची कमांड येते. तिला "लिस्ट क्यूज" म्हटलं की रांगांची नावं आणि आकडे देते. जुन्या स्क्रिप्ट सहसा हिच्यावरच उभ्या असतात. पण साध्या युजरने चालवली की ती नकार देते. कारण ती थेट आतल्या अर्लँगच्या नोडशी बोलते आणि त्याला एक गुपित लागतं, अर्लँग कुकी. ती ज्या फाइलमध्ये असते ती फक्त रॅबिटएमक्यू या युजरला आणि अर्थातच रूटला वाचता येते. मग लोक स्क्रिप्ट रूटने चालवतात किंवा कुकी कॉपी करून देतात. दोन्हीचा अर्थ एकच. ज्याच्याकडे कुकी त्याला रांगा मोजता येतात, आणि त्याच कुकीने रांगा पुसता येतात, नोड बंद करता येतो, सगळं रीसेटही करता येतं. बघायची आणि मोडायची किल्ली एकच. तिसरा मार्ग सुडोचा. तिथे नेमकी एकच कमांड, तिच्या सगळ्या शब्दांसकट लिहून दिली तर चालेल. पण कुणीतरी कंटाळून शेवटी एक स्टार टाकतो आणि आपण परत तिथेच.

म्हणून ही कमांड सोडून द्यायची. रॅबिटएमक्यूचं मॅनेजमेंट प्लगिन १५६७२ या पोर्टवर एचटीटीपीने आकडे देतं. तिथे युजरला बिल्ले लावता येतात. त्यातला एक बिल्ला खास आपल्यासाठी आहे, "मॉनिटरिंग". हा युजर सगळ्या कनेक्शन, चॅनेल, नोडची मेमरी वगैरे बघू शकतो, पण नवे युजर बनवणं, पॉलिसी बदलणं त्याच्या हातात नाही.

इथे एक गंमत आहे, आणि बरेच जण इथे फसतात. बिल्ल्याशिवाय प्रत्येक युजरला तीन परवानग्या असतात. रचना बदलायची, लिहायची आणि वाचायची. आपण म्हणतो, बघायचंच आहे, तर वाचायची देऊन टाकू. थांबा! रांगेच्या दुनियेत वाचणं म्हणजे बघणं नव्हे. वाचणं म्हणजे रांगेतून मेसेज काढून घेणं. आणि रांग साफ करण्याची परवानगीसुद्धा याच "वाचायच्या" खात्यात मोडते. म्हणजे निरुपद्रवी वाटणारा हा शब्द दिलात की म्हातारीचं दूध परत धोक्यात. आमच्या मॉनिटरिंगच्या युजरला तिन्ही परवानग्यांमध्ये ^$ हा पॅटर्न आहे, म्हणजे कुठल्याच रांगेचं नाव त्यात बसत नाही. आकडे दिसतात, मेसेजला हात लावायला गेलं की नकार. मी स्वतः साफ करायचा प्रयत्न करून बघितला, टेस्ट सर्व्हरवर. नकार आला तेव्हा चहा प्यायला गेलो.

हेही नको असेल तर ३.८ या आवृत्तीपासून (२०१९) प्रोमिथियसचं प्लगिन सोबत येतं. ते १५६९२ या पोर्टवर नुसते आकडे मांडून ठेवतं. म्हणजे पेपरातला धरणसाठाच. फक्त तिथे मुळात पासवर्ड नसतो, तेव्हा ते पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका. आणि ज्यांच्याकडे आयबीएमचं एमक्यू आहे त्यांनी मॉनिटरिंगच्या युजरला एमक्यूएम ग्रुपमध्ये टाकू नये, तिथे तो ग्रुप म्हणजेच सर्वाधिकार. कनेक्ट, डिस्प्ले आणि इन्क्वायर एवढे हक्क पुरतात.

दुसरी अडचण, बघणारा प्रोग्रॅम स्वतः कुठे राहणार? काकांनी एक साधं अकाउंट काढून दिलं. सगळं त्याच्या होम डिरेक्टरीत. पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट, कॉन्फिगरेशन, लॉग, सगळं तिथेच. पासवर्डची फाइल फक्त त्याच युजरला वाचता येईल अशी. १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला रूट लागतो, म्हणून आमचा डॅशबोर्ड वरच्या पोर्टवर. मशीन रीबूट झालं की आपोआप उठावं म्हणून त्याच युजरच्या क्रॉनटॅबमध्ये रीबूटची एक ओळ. सिस्टिमडीची युजर सर्व्हिसही चालते, फक्त लॉगिन नसतानाही ती जिवंत राहावी यासाठी "लिंगर" ॲडमिनकडून एकदा चालू करून घ्यायचं. लॉग फुगून डिस्क भरू नये म्हणून ते फिरवायची व्यवस्था आपली आपण करायची, सिस्टिमवर विसंबायचं नाही. बस. ॲडमिनचा हात लागला तो एकदाच, प्लगिन चालू करायला, युजर काढायला आणि लिंगर लावायला.

या सगळ्याला मला साधारण दोन दिवस लागले. रूट मिळाला असता तर दोन तास. ही दीड दिवसाची "कटकट" म्हणजेच या लेखाचा विषय.

आता राजगड. आमच्या या दोन तालुक्यांच्या पट्ट्यात राजगड, तोरणा, रोहिडा असे किल्ले उभे आहेत. रायगडाच्या आधी सुमारे पंचवीस वर्षं राजधानी राजगडच होती. गडाला तीन माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, आणि मधोमध उंच बालेकिल्ला. ट्रेकला जाणाऱ्या दोस्तांना माहिती आहे, संजीवनी माचीच्या टोकावरून तोरण्याकडची सगळी धार स्वच्छ दिसते. तिथे पहाऱ्यावर उभं राहायला बालेकिल्ल्यात शिरायची परवानगी लागत नाही. उलट बघायची जागा मुळात बाहेरच्या टोकालाच असते.

गडावरच्या कारभाराची वाटणीही अशीच. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत ती सापडते. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस, तिघे बरोबरीचे. धान्य आणि सामानाचं काम कारखानिसाकडे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, पण हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे. सबनिसाला हजेरी मांडायला किल्ल्या लागत नव्हत्या. आणि किल्ल्या त्याच्याकडे नव्हत्या म्हणूनच त्याच्या हजेरीला किंमत होती. एकच माणूस दरवाजाही उघडतो आणि दरवाजा कधी उघडला ते वहीतही तोच लिहितो, अशी वही कुणी कशाला वाचावी? शिवकालात लिनक्स होतं असला दावा करत नाहीये, कृपया फॉरवर्ड करू नका. पण १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांनी संगणकाच्या सुरक्षिततेवरच्या पेपरात हेच तत्त्व नीट मांडलं. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार द्या.

हे न पाळल्याची मोठी उदाहरणं अलीकडचीच आहेत, आणि दोन्ही बघणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोलरविंड्सचं ओरायन उघडं पडलं. नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो अपडेट पोचला. राखणदाराला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दिलेल्या, त्यामुळे चोराला एकट्या राखणदाराला गाठणं पुरलं. दुसरं १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइकचं मशीनवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालत होतं. एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते, आठवतंय ना? तिथे चोर कुणीच नव्हता. पहारेकरी अडखळला आणि घर पडलं.

आता समोरचा मुद्दा. तो खरा आहे, म्हणून टाळत नाही. माझ्याच टीममधल्या एकाने विचारलं, "तुझा प्रोग्रॅम काही करूच शकत नसेल तर रात्री दोन वाजता माणूस उठवणार? भाटघरला बघ, दरवाजे आपोआप उघडतात."

बरोबर. १९२७ साली पुरं झालेल्या भाटघरच्या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, विश्वेश्वरय्यांनी स्वतः आखलेले आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याला बसवले होते. पण हे दरवाजे कुठे आहेत ते बघा. ते धरणाच्या भिंतीत आहेत. धरण बांधणाऱ्याने सगळा हिशेब करून ते भिंतीचा भाग केलेत. पातळी वाचणाऱ्या माणसाच्या खिशात ते नाहीत. रॅबिटएमक्यूलाही अशी स्वतःची सोय आहे आणि तिचं नाव ऐकून मी हसलो होतो, हाय वॉटरमार्क. मेमरी ठरलेल्या रेषेवर गेली की ते पाठवणाऱ्यांना स्वतःच थांबवतं, जरा दम धरा म्हणतं. आणि मुख्य म्हणजे रांगेतला मेसेज फेकून देत नाही. आपोआप घडायचं ते यंत्राच्या आत, विचार करून बांधलेलं असावं. बाहेरून आकडा बघणाऱ्या स्क्रिप्टने घाबरून केलेलं नसावं.

आणि किल्ली नसल्याचा एक फायदा मला काम करताना कळला. हातात काही नसलं की नीट बघावं लागतं. जुन्या स्क्रिप्टला एकच आकडा पुरायचा, कारण पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. आमच्या प्रोग्रॅमला माणूस उठवायचाय. माणूस उठला की आधी चिडतो आणि मग प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांची उत्तरं तयार पाहिजेत. म्हणून आम्ही चार गोष्टी बघतो. रांगेत किती मेसेज उभे आहेत. उचललेले पण पोच न दिलेले किती. रांगेवर कन्झ्युमर किती आहेत. आणि पोच मिळण्याचा वेग किती. या चार आकड्यांत सगळी गोष्ट कळते. रांग लांब, पण कन्झ्युमर जागेवर आणि पोच भराभर येतेय? मग पाऊस थांबून रेंज आलीय, झोपा. रांग छोटी, पण कन्झ्युमर शून्य? आत्ता उठा, उशीर झालाय. उचललेले मेसेज वाढतायत आणि पोच येत नाही? कन्झ्युमर जिवंत आहे पण डेटाबेसपाशी अडकलाय. जुन्या स्क्रिप्टने पहिल्या प्रसंगी गोंधळ घातला असता आणि दुसऱ्या प्रसंगी ती शांत झोपली असती.

गेल्या पावसाळ्यात परीक्षा झालीच. तोच जुलै, तसाच पाऊस, दीड दिवस रेंज नाही. पहाटे डोंगराकडची केंद्रं एकदम जागी झाली आणि रांग फुगली. आमच्या प्रोग्रॅमने काकांना मेसेज केला, रांग लांब, कन्झ्युमर सगळे हजर, पोच चालू. काकांनी मला फोन केला नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "बघितलं. चालू होतं. कूस बदलून झोपलो." नऊ वाजेपर्यंत रांग रिकामी होती. मामांना दोन दिवसांचे एसएमएस एकापाठोपाठ आले, तर ते फोन बिघडला म्हणून नातवाला दाखवायला गेले.

त्या दिवशी आमच्या सिस्टिमने सगळ्यात चांगलं काम केलं, ते म्हणजे काहीच केलं नाही. आणि तिने काही केलं नाही कारण तिला ते करताच येत नव्हतं. शहाणपणावर विसंबायची वेळच आली नाही. मला वाटतं अधिकार कमी ठेवण्यामागचा सगळा अर्थ हाच आहे. पहाटे चार वाजता कुठलाही प्रोग्रॅम आणि कुठलाही माणूस फारसा शहाणा नसतो.

असो. लेक्चर पुरे. सोमवारी ऑफिसला गेलात की एकच करा. तुमच्या सर्व्हरवर मॉनिटरिंगचा जो एजंट किंवा स्क्रिप्ट चालते ती कुठल्या युजरने चालते ते बघा. पीएस कमांडच्या पहिल्याच कॉलममध्ये दिसतं, रूट लागत नाही. तिथे रूट लिहिलेलं दिसलं तर तुमच्या ॲडमिनला चहाला घेऊन जा आणि विचारा, हिला नेमकं बघायचंय काय? उत्तर मिळालं की बाकीचं खोडायला सांगा.